अमेरिकेला व्ही-८ इंजिनाचं वेड लावणाऱ्या एड कोलनेच पुढे शिशाच्या पेट्रोलचा नळ बंद करायला घेतला

सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, ॲक्सिलरेटर दिला की आचके देते, ॲव्हरेज पडलंय. काही वर्षांपूर्वी ही तक्रार घेऊन कुठल्याही गॅरेजवर गेलं की मेकॅनिकचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, कार्बोरेटर साफ करावा लागेल. २०२० साली बीएस-६ आलं आणि नव्या टू-व्हीलरमधून कार्बोरेटर हद्दपार झाला. मारुती ८०० मधून तर तो कितीतरी आधीच गेला होता. आता बटण दाबलं की गाडी सुरू. चोक ओढायचा म्हणजे काय करायचं, हे आजच्या पोरांना माहीत असायचं काही कारणही नाही.

अमेरिकेत मात्र एक जमात अशी आहे, जी आजही कार्बोरेटरवरून तासन् तास भांडते. साठच्या दशकातल्या कमारो, शेव्हेल, जीटीओ अशा दांडग्या गाड्या सांभाळणारे हे लोक. या गाड्यांना मसल कार म्हणतात. गाडी जुनी, इंजिन जुनं आणि प्रश्न एकच, यावर कार्बोरेटर कोणता बसवायचा? छोटा घेतला तर इंजिनाचा दम कोंडतो. मोठा घेतला तर सिग्नलवरून निघतानाच गाडी मान टाकते.

हे भांडण ज्या इंजिनावरून सगळ्यात जास्त होतं, ते म्हणजे शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८. ते ज्याच्या हाताखाली तयार झालं त्याचं नाव एडवर्ड निकोलस कोल. या माणसाचं सगळं आयुष्य इंजिनाच्या आत काय जातं आणि बाहेर काय येतं, यातच गेलं. गंमत म्हणजे या दोन टोकांवर त्याने घेतलेले निर्णय एकमेकांच्या अगदी उलट होते.

कोलचा जन्म १७ सप्टेंबर १९०९ चा. मिशिगन राज्यातल्या मार्न नावाच्या छोट्या गावात. घरी दुधाचा धंदा. पोरगा लहानपणापासून उचापतखोर, घरीच रेडिओ बनवायचा आणि विकायचा. थोडा मोठा झाल्यावर एका ट्रॅक्टर कंपनीसाठी फिरतीचं काम केलं. त्याला व्हायचं होतं वकील. त्यासाठी ग्रँड रॅपिड्सच्या कॉलेजात नावही घातलं होतं. पण शिकता शिकता तो गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या दुकानात काम करायला लागला आणि वकिली तिथेच संपली.

१९३० मध्ये तो फ्लिंटच्या जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. ही जनरल मोटर्सची स्वतःची शिक्षणसंस्था. थोडे दिवस वर्गात, थोडे दिवस कारखान्यात अशी तिथली पद्धत. कोलला पाठवलं होतं कॅडिलॅकने. काही वर्षांत कॅडिलॅकच्या लोकांना वाटलं की या पोराला वर्गात बसवून ठेवण्यात अर्थ नाही, आणि शिक्षण पूर्ण व्हायच्या आधीच त्यांनी त्याला कामावर घेतलं.

दुसऱ्या महायुद्धात कॅडिलॅकने गाड्या बंद करून रणगाडे बनवले आणि कोल त्या रणगाड्यांच्या डिझाइनवर होता. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो कॅडिलॅकचा चीफ इंजिनिअर झाला. हॅरी बार या सहकाऱ्याबरोबर त्याने १९४९ च्या कॅडिलॅकसाठी नवीन व्ही-८ इंजिन उभं केलं. ३३१ क्युबिक इंच, म्हणजे साधारण ५,४०० सीसी, आणि ताकद १६० हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह इंजिनाच्या डोक्यावर बसवलेले असल्यामुळे इंजिनाचा श्वास मोकळा झाला होता.

या इंजिनाचा एक किस्सा कार्बोरेटरवाल्यांना फार आवडतो. १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम नावाचा श्रीमंत रेसर दोन कॅडिलॅक घेऊन फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. कोलचा त्याला पाठिंबा होता. दोनपैकी एक गाडी शोरूममधल्या गाडीसारखीच. दुसरीचं वरचं अंग काढून विमानासारखा पत्रा चढवलेला आणि इंजिनावर तब्बल पाच कार्बोरेटर. फ्रेंच लोकांनी तिचं नाव ठेवलं राक्षस. निकाल काय लागला? साधी गाडी दहावी आणि पाच कार्बोरेटरवाला राक्षस अकरावा. राक्षस सुरुवातीलाच वाळूत रुतला होता, त्यामुळे सगळा दोष कार्बोरेटरला देता येत नाही. पण पाच असूनही एक नंबर मागेच, हे काही पुसता येत नाही.

पुढे कोरियन युद्धात कोलने क्लीव्हलंडचा रणगाड्यांचा कारखाना सांभाळला आणि १९५२ मध्ये त्याची बदली झाली शेवरोलेमध्ये, पुन्हा चीफ इंजिनिअर म्हणूनच.

शेवरोलेची तेव्हाची ओळख म्हणजे सरळ मार्गाची, स्वस्त, घरगुती गाडी. इंजिन सहा सिलिंडरचं, भरवशाचं, आणि तरुणांच्या दृष्टीने एकदम रटाळ. फोर्डकडे मात्र १९३२ पासून व्ही-८ होतं आणि गाडी पळवणारी पोरं फोर्डच्या मागे होती. १९५३ मध्ये शेवरोलेने कॉर्व्हेट नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. दिसायला देखणी, पण बॉनेटखाली तेच जुनं सहा सिलिंडरचं इंजिन. त्यावर तीन कार्बोरेटर बसवून ताकद १५० हॉर्सपॉवरपर्यंत ओढली होती. लोक फसले नाहीत. १९५४ मध्ये ३,६४० कॉर्व्हेट बनल्या आणि वर्षाअखेरीस त्यातल्या जवळपास एक तृतीयांश तशाच पडून होत्या. इंजिनातच दम नसेल तर वरून किती कार्बोरेटर रचणार?

कोल आला तेव्हा शेवरोलेमध्ये एका व्ही-८ इंजिनाचं काम आधीच सुरू होतं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर सुरुवात केली. खात्यातल्या इंजिनिअरांची संख्या साडेआठशेवरून २,९०० पर्यंत वाढवली. इंजिनाचा आराखडा १५ आठवड्यांत तयार झाला असं सांगितलं जातं. आज एखाद्या मोबाइल ॲपलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो.

कोलला हवं होतं लहान, हलकं आणि स्वस्तात बनणारं इंजिन. ब्लॉक ओतताना लागणारे साचे कमी केले. व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर आर्म साध्या पत्र्यातून ठोकून काढले. ही युक्ती पाँटिॲकच्या एका इंजिनिअरची होती, कोलने ती बिनदिक्कत उचलली. हलके पार्ट म्हणजे इंजिन जास्त आरपीएमला फिरणार. तयार झालेलं आठ सिलिंडरचं इंजिन जुन्या सहा सिलिंडरवाल्यापेक्षा वजनाला कमी भरलं. २६५ क्युबिक इंच, म्हणजे ४,३०० सीसीच्या आसपास. घाई मात्र दिसत होतीच. १९५५ च्या पहिल्या इंजिनांमध्ये ऑइल फिल्टर बसवायची जागाच ठेवलेली नव्हती, ती पुढच्या वर्षी आली.

आता इथे कार्बोरेटर काय करतो ते समजून घ्यावं लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

इंजिनाला फक्त पेट्रोल चालत नाही, पेट्रोलच्या चौदा-पंधरा पट वजनाची हवा लागते. ही हवा कार्बोरेटरच्या नळीतून आत ओढली जाते. नळी मध्ये अरुंद केलेली असते. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून आपोआप वर ओढलं जाऊन हवेत मिसळतं. मोटर नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. अशी एक नळी असेल तर सिंगल बॅरल, दोन असतील तर टू बॅरल, चार असतील तर फोर बॅरल. फोर बॅरलमध्ये रोजच्या चालवण्यात दोनच नळ्या उघड्या असतात. पाय पूर्ण दाबला की मागच्या दोन उघडतात.

१९५५ ची शेवरोले घ्यायला गेलात तर व्ही-८ मध्ये दोन पर्याय होते. टू बॅरल कार्बोरेटर घेतला तर १६२ हॉर्सपॉवर. फोर बॅरल आणि दुहेरी सायलेन्सर घेतला तर १८०. इंजिन तेच. घरी नेणारा आणि रेस लावणारा, दोघांनाही एकाच ब्लॉकमध्ये बसवायचं हे कोलचं गणित होतं. त्या वर्षी शेवरोलेच्या १७ लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. मरायला टेकलेली कॉर्व्हेटही याच इंजिनावर तगली.

कोलकडे तेव्हा झोरा आर्कस-डुंटोव्ह नावाचा एक इंजिनिअर होता. युरोपातून आलेला आणि रेसिंगचं वेड असलेला. १९५३ च्या शेवटी त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवलं होतं. तरुण पोरं फोर्डची इंजिनं का ठोकतात आणि ती शेवरोलेकडे कशी वळवता येतील, असा त्याचा विषय. कोलने या माणसाला मोकळं सोडलं.

१९५६ मध्ये कोल शेवरोलेचा जनरल मॅनेजर झाला आणि १९५७ मध्ये इंजिन २८३ क्युबिक इंचांचं झालं. त्या वर्षीचं पर्यायांचं कार्ड वाचलं तर कार्बोरेटर निवडीचा अख्खा धडा एका पानावर मिळतो. एक टू बॅरल, १८५ हॉर्सपॉवर. एक फोर बॅरल, २२०. दोन फोर बॅरल, २४५. दोन फोर बॅरल आणि सोबत तिखट कॅमशाफ्ट, २७०. आणि सगळ्यात वर, कार्बोरेटर काढून टाकून फ्युएल इंजेक्शन, २८३. एका क्युबिक इंचाला एक हॉर्सपॉवर, ही गोष्ट शेवरोलेने जाहिरातीत पुरेपूर वापरली. आकडे वाढले ते एकट्या कार्बोरेटरमुळे नाहीत, कॉम्प्रेशन आणि कॅमही बदलले होते. जुन्या गाड्यांचे शौकीन नेमकं हेच विसरतात. मोठा कार्बोरेटर हा शेवटचा तुकडा आहे, पहिला नाही.

इंजेक्शन महाग पडलं, ते सांभाळणारे मेकॅनिक मिळेनात, आणि १९६५ नंतर शेवरोलेने ते बंद केलं. म्हणजे मसल कारचा खरा काळ आला तेव्हा मैदानात कार्बोरेटरच होता.

१९६१ मध्ये कोल जनरल मोटर्सच्या सगळ्या कार आणि ट्रक विभागांचा प्रमुख झाला. १९६४ मध्ये पाँटिॲकने कंपनीचाच नियम वाकवून मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन बसवलं आणि जीटीओ आणली. एका फोर बॅरलवर ३२५ हॉर्सपॉवर, तीन टू बॅरलवर ३४८. तिथून जी शर्यत लागली ती १९७० पर्यंत थांबली नाही.

त्या शर्यतीतली एक गाडी बघण्यासारखी आहे. १९६७ ची कमारो झेड-२८. ट्रान्स-ॲम रेससाठी इंजिन ३०५ क्युबिक इंचांच्या आत ठेवायचं होतं, म्हणून स्मॉल ब्लॉक ३०२ चं केलं आणि त्यावर होली कंपनीचा जवळपास ८०० सीएफएमचा कार्बोरेटर ठेवला. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते तो आकडा.

आता हिशोब करून बघा. इंजिनाचे क्युबिक इंच गुणिले आरपीएम. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं म्हणून दोनने भागायचं. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात म्हणून त्यानेही भागायचं. ३०२ क्युबिक इंच आणि ७,००० आरपीएम धरले तर उत्तर येतं सुमारे ६१२ सीएफएम. मग ८०० कशाला? कारण ही रेसची गाडी होती, सदैव वरच्या आरपीएमला फिरणारी. तिथे थोडासुद्धा अडथळा नको होता. त्याची किंमत खालच्या आरपीएमला मोजावी लागायची. शहरातल्या रहदारीत झेड-२८ चिडचिडी होती आणि घेणाऱ्याला ते माहीत असायचं.

हाच हिशोब साध्या ३५० क्युबिक इंचांच्या, म्हणजे ५,७०० सीसीच्या इंजिनाला लावा. आज अमेरिकेत सगळ्यात जास्त हेच इंजिन लोकांच्या गॅरेजमध्ये आहे. ५,५०० आरपीएमला येतात ५५७. पण रस्त्यावरचं इंजिन प्रत्येक श्वासात पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरा. उरले ४७३. म्हणजे ६०० चा कार्बोरेटर भरपूर झाला. तरीही माणूस दुकानात जातो आणि ७५० घेऊन येतो, कारण आकडा मोठा आहे. मग होतं असं की नळी रुंद, हवा कमी, त्यामुळे हवेचा वेग मंद. जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही, बारीक फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. पाय दाबला की गाडी क्षणभर अडखळते आणि मग उचलते. प्लग काळे, पेट्रोलचा वास, ॲव्हरेजचा बोऱ्या.

यावर जनरल मोटर्सचं स्वतःचं उत्तर १९६५ मध्ये आलं होतं. रोचेस्टर विभागाचा क्वाड्राजेट. पुढच्या दोन नळ्या लहान, मागच्या दोन प्रचंड. हळू चालवताना छोट्या नळ्यांतून हवा जोरात जाते, त्यामुळे पेट्रोल नीट मिसळतं. पाय दाबला की मागची दारं उघडतात आणि एकूण ७५० सीएफएम मिळतात, पण इंजिन मागेल तेवढेच. दिसायला काही खास नाही, शौकीन लोक त्याची टिंगल करायचे. पण कंपनीने तो पंचवीस वर्षं वापरला यातच काय ते आलं.

मागच्या नळ्या कशा उघडायच्या यातही निवड असते. व्हॅक्यूमवर उघडणारा कार्बोरेटर इंजिनाची गरज बघून सावकाश उघडतो, तो जड आणि ऑटोमॅटिक गाडीला बरा. थेट पायाशी जोडलेला हलक्या, गिअरच्या गाडीला. आणि एक फसगत नेहमीची. टू बॅरल आणि फोर बॅरल वेगवेगळ्या दाबाला मोजतात. ५०० चा टू बॅरल फोर बॅरलच्या मापाने साधारण ३५४ चाच भरतो. दोन्ही डब्यांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली की गडबड झालीच.

कोलची प्रत्येक कल्पना मात्र स्मॉल ब्लॉकसारखी फळली नाही. त्याचं सगळ्यात लाडकं अपत्य होतं कॉर्व्हेर. १९६० ची ही गाडी अमेरिकन डोळ्यांना विचित्रच होती. इंजिन मागे, पाण्याऐवजी हवेने थंड होणारं, दोन बाजूंना आडवे पडलेले तीन-तीन सिलिंडर आणि दोन्हीकडे एकेक कार्बोरेटर. ऑक्टोबर १९५९ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर कोल आणि त्याची कॉर्व्हेर झळकली.

पण वजन मागे असल्यामुळे टायरमधली हवा पुढे फक्त १५ आणि मागे २६ ठेवायची होती. पंपावर हवा भरणारा पोरगा हे बघत बसत नाही, चारही चाकांत सारखीच भरतो. त्यात खर्च वाचवण्यासाठी पुढचा अँटी-रोल बार सुरुवातीला दिलेला नव्हता. वळणावर गाडीचं मागचं अंग सुटायला लागलं, खटले उभे राहिले आणि १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने आपल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेरवर लिहिलं. १९७२ मध्ये सरकारी अभ्यासात ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नसल्याचा निष्कर्ष निघाला, पण तोवर तिचं उत्पादन बंद होऊन तीन वर्षं झाली होती. कॉर्व्हेरमध्ये चूक नव्हतीच असं मात्र म्हणता येत नाही. एक स्वस्तातला बार पहिल्या दिवसापासून बसवला असता तर कदाचित हे प्रकरण एवढं चिघळलं नसतं.

१९६७ मध्ये कोल जनरल मोटर्सचा प्रेसिडेंट झाला. जगातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीत आता त्याच्या वर फक्त चेअरमन होता. मसल कार शिखरावर होत्या. १९७० च्या शेव्हेलमध्ये ४५४ क्युबिक इंच, म्हणजे जवळपास साडेसात लिटरचं इंजिन मिळायचं, ४५० हॉर्सपॉवरचं.

ही ताकद फक्त कार्बोरेटरमधून येत नव्हती, पेट्रोलमधूनही येत होती. सिलिंडरमध्ये मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी ताकद जास्त. पण फार दाबलं की ठिणगी पडायच्या आधीच किंवा वेडंवाकडं पेटतं आणि इंजिन ठकठक वाजतं. यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिसं मिसळायचे. टेट्राइथाइल लेड असं त्याचं नाव. आणि हा शोध कुणाचा? जनरल मोटर्सचाच. डिसेंबर १९२१ मध्ये कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याने तो लावला. १९२४ मध्ये ते विकण्यासाठी स्टँडर्ड ऑइलबरोबर एथिल कंपनी काढली. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन बनवताना पाच कामगार विषबाधेने दगावले. तरी ते विकलं गेलं. पुढची पन्नास वर्षं जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात सायलेन्सरमधून शिसं बाहेर पडत राहिलं आणि रस्त्यालगतची मुलं ते श्वासातून आत घेत राहिली. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं.

जनरल मोटर्सने एथिलमधला आपला हिस्सा १९६२ मध्ये विकून टाकला होता. म्हणजे कोल प्रेसिडेंट झाला तेव्हा शिशातून कंपनीला मिळणारा थेट पैसा थांबला होता. त्याचा निर्णय सोपा व्हायला याचीही मदत झाली, हे लपवायचं कारण नाही.

दुसरं कारण होतं धूर. लॉस एंजेलिसचं आकाश पिवळं पडलं होतं आणि सरकार कडक कायदा आणणार हे दिसत होतं. कोलकडे यावर इंजिनिअरचं उत्तर होतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या आधी बसवायचा एक डबा, आत प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा मुलामा दिलेल्या गोळ्या. इंजिनातून आलेले विषारी वायू त्यावरून जाताना बदलतात. अडचण एकच. शिशाचा थर बसला की या गोळ्या निकामी. म्हणजे कन्व्हर्टर हवा असेल तर शिसं पेट्रोलमधून जायलाच हवं.

जानेवारी १९७० मध्ये कोलने अमेरिकेतल्या वाहन इंजिनिअरांच्या संमेलनात पेट्रोलमधून शिसं काढायची मागणी जाहीरपणे केली. तेल कंपन्या आणि शिसं विकणारे हादरले. ज्या कंपनीने हे बाळ जन्माला घातलं, तिचाच प्रेसिडेंट त्याला घराबाहेर काढा म्हणत होता. नुसतं बोलून तो थांबला नाही. १९७१ ची आमची सगळी मॉडेल्स कमी ऑक्टेनच्या, शिसं नसलेल्या पेट्रोलवरही चालतील, असं कंपनीने जाहीर करून टाकलं.

याचा सरळ अर्थ असा होता की कॉम्प्रेशन कमी करावं लागणार आणि पॉवर जाणार. कॉर्व्हेटमधलं साधं ३५० चं स्मॉल ब्लॉक बघा. १९७० मध्ये कॉम्प्रेशन १०.२५, ताकद ३०० हॉर्सपॉवर. १९७१ मध्ये ८.५ आणि २७०. १९७२ मध्ये २००, पण यात मोजायची पद्धतही बदलली होती, म्हणून सगळी घट खरी नाही. १९७५ मध्ये कन्व्हर्टरसकट १६५. मसल कार मेली ती इन्शुरन्सच्या हप्त्यांमुळे, १९७३ च्या तेल संकटामुळे आणि कायद्यामुळे. पण पहिला घाव घालणाऱ्यांमध्ये कोल होता, आणि तो घाव त्याच्या स्वतःच्या इंजिनावर होता.

३१ डिसेंबर १९७० ला निक्सन यांनी क्लीन एअर कायद्यावर सही केली. १९७५ च्या मॉडेलपर्यंत दोन मुख्य विषारी घटकांमध्ये ९० टक्के घट करायची होती. वाहन कंपन्यांनी मुदतीवरून भरपूर रडगाणं गायलं, त्यात जनरल मोटर्सही होती. पण कन्व्हर्टरचं काम कोलने थांबू दिलं नाही. जुलै १९७४ पासून पंपांवर शिसं नसलेलं पेट्रोल ठेवणं सक्तीचं झालं. त्याच सप्टेंबरात कन्व्हर्टर असलेल्या १९७५ च्या गाड्या शोरूममध्ये आल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी कोल निवृत्त झाला.

पुढचे आकडे त्याला बघायला मिळाले नाहीत. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन माणसाच्या रक्तात प्रति डेसिलिटर सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसं होतं. १९८८ ते १९९१ च्या पाहणीत ते २.८ वर आलं. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नवीन पेट्रोल कारला कन्व्हर्टर आणि अनलेडेड पेट्रोल बंधनकारक झालं, आणि २००० साली देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं. आज कन्व्हर्टर चोरीला गेल्याच्या बातम्या येतात, त्या आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठीच.

त्याच्या शेवटच्या वर्षांतली बाकीची कामं मिश्र निघाली. व्हेगा नावाच्या छोट्या गाडीचं ॲल्युमिनियमचं इंजिन गरम होऊन वाकायचं आणि पत्रा गंजायचा. रोटरी इंजिनाच्या लायसन्सवर ५ कोटी डॉलर लागले, गाडी काही आली नाही. एअरबॅगसाठी मात्र तो एकटा अडून बसला होता. १९७४ मध्ये जनरल मोटर्सच्या मोठ्या गाड्यांत ती पैसे देऊन मिळायला लागली. गिऱ्हाइकांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

निवृत्तीनंतर गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. मालवाहू विमानसेवेच्या धंद्यात तो उतरला आणि चेकर मोटर्सचा चेअरमनही झाला. न्यूयॉर्कच्या जुन्या सिनेमांत दिसणाऱ्या त्या पिवळ्या, गुबगुबीत टॅक्सी बनवणारी हीच चेकर. कोलला स्वतः विमान उडवायची आवड होती. २ मे १९७७ रोजी खराब हवेत तो आपलं दोन इंजिनांचं विमान घेऊन कलामझूकडे निघाला. चेकरचा कारखाना तिथेच होता. शहराजवळ पोहोचल्यावर विमान कोसळलं आणि कोल जागीच गेला. वय ६७.

चेकर स्वतःची इंजिनं बनवत नसे. १९६५ पासून तिच्या टॅक्सींमध्ये शेवरोलेची इंजिनं बसत होती, आणि त्यातलं व्ही-८ घेतलं तर ते स्मॉल ब्लॉक असायचं.